सातव्या पायरीवरचा पाय

३ ऑक्टोबर, सोमवार

उद्या नोकरीचा पहिला दिवस, म्हणून आजपासून ही वही. या वहीत मी फक्त खरं लिहिणार आहे. बसमध्येही फक्त खरंच बोलणार आहे. लोकांना थापाच मारायच्या असतील तर तीन वर्षं ग्रंथालयाची धूळ खाऊन इतिहासाची पदवी घेतली कशाला?

नोकरी सहलीच्या कंपनीत, मार्गदर्शकाची. सकाळी जुनी राजधानी, म्हणजे आमचंच शहर. दुपारी आसपासची तीन छोटी गावं. संध्याकाळी परत. मंगळवार ते रविवार रोज हेच. तीस नोव्हेंबरला मालकीणबाई ठरवणार, मला कायम करायचं की नाही. आमच्या घरात आजवर कुणाच्याही नावाने नेमणुकीचं पत्र आलेलं नाही. बाबांनी माझ्या पदवीच्या फ्रेमशेजारी त्या पत्रासाठी खिळासुद्धा ठोकून ठेवला आहे.

पदवीची फ्रेम त्यांनी पाणसळ लावून टांगली, पण भाड्याच्या घराची भिंतच तिरकी, त्यामुळे फ्रेम तिरकी दिसते. येणारा प्रत्येक जण ती सरळ करायला जातो आणि बाबा ओरडतात, "हात लावू नका! फ्रेम सरळ आहे, घर वाकडं आहे."

नोकरीसाठी काळे बूट घेतले. दुकानदाराने सहा जोड काढले आणि सातव्याला हात जोडले. माझ्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसते, बूट कुठलाच धड होत नाही. आई म्हणाली, "बापाचे पाय उचललेस. नाक तरी माझं घेतलंस, तेवढं बरं केलंस."

खरंच लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहिते. नोकरीच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'बांधकाम क्षेत्र' असं लिहिलं. 'गवंडी' लिहायला जागा कमी नव्हती. उलट जास्तच होती.

४ ऑक्टोबर, मंगळवार

बस एकोणीस जणांची. ड्रायव्हरला सगळे मामा म्हणतात. अठरा वर्षं गाडीही तेच चालवत होते आणि माइकवरही तेच बोलत होते. आता चालवताना बोलायला बंदी आली, म्हणून मी. मामांनी माइक माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. थोडा वेळ आम्ही दोघांनी तो धरून ठेवला.

मी तयारी करून गेले होते. राजवाड्यापासून पहिल्या गावापर्यंत जुन्या काळातली जमीन मोजणी आणि शेतसारा यावर एक्केचाळीस मिनिटं बोलले, एकदाही वहीत न पाहता. सगळे अगदी शांतपणे ऐकत होते. काहींनी तर डोळे मिटून ऐकलं.

बसमध्ये एक अभिप्राय वही असते. प्रवासी उतरताना त्यात लिहितात आणि मालकीणबाई रोज संध्याकाळी ती वाचतात. आजचे अभिप्राय: "मार्गदर्शक फार शिकलेल्या आहेत." "सीट मऊ आहेत, झोप छान झाली." "आधीचे मामा कुठे गेले?"

मामा समोरच बसले होते की!

८ ऑक्टोबर, शनिवार

मामांनी लोकांना अठरा वर्षं काय काय सांगितलं आहे, त्याची यादी केली. भयंकर आहे. पहिल्या गावातल्या विहिरीतून राजवाड्यापर्यंत भुयार. (अंतर बावीस किलोमीटर, मध्ये नदी.) दुसऱ्या गावातलं मनोऱ्यावरचं घड्याळ राजाने प्राण सोडला त्या क्षणी बंद पडलं. (घड्याळ बसवलं तेव्हा राजाला जाऊन साठ वर्षं झाली होती.) मामा आता माइकवर बोलू शकत नाहीत, पण चहाच्या थांब्यावर लोकांना गोळा करून सांगतातच. मग मला त्यांच्या मागोमाग जाऊन सांगावं लागतं, "याला पुरावा नाही."

आज विहिरीपाशी एका लहान मुलीने विचारलं, "भुयार नाही, मग इथे काय झालं?"

मी म्हटलं, "काही झालं नाही. लोक पाणी भरायचे."

ती रडायला लागली. तिची आजी माझ्याकडे बघत राहिली.

परत येताना मामा आरशातून म्हणाले, "पुरावाबाई, खिडकी लावून घ्या, वारा लागेल. वाऱ्याला पुरावा हवा असेल तर हात बाहेर काढून बघा."

मी खिडकी लावली नाही. आता नाक वाहतंय.

११ ऑक्टोबर, मंगळवार

मालकीणबाईंनी कचेरीत बोलावलं. समोर अभिप्राय वही. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"तू खरं सांगतेस. मला मान्य आहे."

"थँक यू, मॅडम."

"थांब, झालं नाही अजून. खरं सांगून झाल्यावर लोक पुन्हा बसमध्ये चढले पाहिजेत. रविवारी दुसऱ्या गावातून चार जण रिक्षा करून घरी गेले."

मी म्हटलं, "मॅडम, इतिहास हा करमणुकीचा विषय नाही."

"नसेल. पण सहल आहे. तीस नोव्हेंबरपर्यंत वही सुधारली तर कायमचं पत्र. नाहीतर मी एखादी बोलकी मुलगी बघते."

बोलकी! एक्केचाळीस मिनिटं मी काय शिट्टी वाजवत होते?

घरी कुणाला सांगितलं नाही. बाबा त्या रिकाम्या खिळ्यावर टोपी अडकवतात आणि लगेच काढून घेतात, "पत्राची जागा आहे" म्हणत. ते बघवत नाही.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आज एक मोठी गोष्ट घडली.

तिसऱ्या गावात जुनी वेस आहे, वर जायला अकरा दगडी पायऱ्या. सातव्या पायरीवर पावलाचा ठसा आहे. मामांची कथा अशी: वेढा पडला तेव्हा राणी अनवाणी निघाली, ती शत्रूला किल्ल्या द्यायला नाही तर जाब विचारायला, आणि तिच्या निर्धाराने पायरीचा दगड विरघळला. मी आजवर तिथे दुरूनच "याला पुरावा नाही" म्हणून पुढे जात होते. आज प्रवासी चहाला बसले तेव्हा नीट वाकून पाहिलं.

कथेला पुरावा नाही. पण ठसा आहे! ठसा हाच पुरावा आहे!

दगड विरघळत नाही, हे मला समजतं. पण राणीच्या पायाचा साचा घेऊन कुणा कुशल कारागिराने हा ठसा कोरला असणार. कारण तो कुठल्याही पायाचा नाही, एका विशिष्ट पायाचा आहे. चार बोटं स्पष्ट उमटली आहेत. करंगळी खाली टेकलेलीच नाही. चौथ्या बोटाच्या अंगावर तिची फक्त ओझरती खूण आहे, म्हणजे ती त्या बोटावर चढलेली होती. कल्पनेने पाय कोरणारा माणूस अशी खोड कशाला कोरेल? टेपने मापं घेतली. लांबी सव्वीस सेंटिमीटर. राणी चांगलीच उंच असावी.

शेजारी चहावाल्या मावशी आहेत. चहाबरोबर त्या या ठशाच्या प्लॅस्टरच्या छोट्या प्रती विकतात. म्हणाल्या, "लावून बघ पाय. वीस वर्षं बघतेय, कुणाचा बसत नाही."

मी बूट काढून पाय ठेवला. टाचेमागे दोन बोटं जागा उरली. पण करंगळी! करंगळी जागच्या जागी बसली, किल्ली कुलुपात बसावी तशी.

अंगावर काटा आला. अर्थात योगायोग. मी शास्त्रीय दृष्टीची आहे.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवताना घरी सांगितलं. बाबांना ठसका लागला. आईने पाठीवर थापटलं, तेही जरा जोरातच.

"कुठलं गाव म्हणालीस?"

सांगितलं.

"वेशीच्या पायऱ्या? खालून सातवी?"

"हो. निदान चारशे वर्षांपूर्वीची."

"चारशे!" बाबा पाणी प्यायले. मग त्यांनी विचारलं, "चीर गेलीय का गं तिला कुठे?"

"नाही. बाकीच्या पायऱ्यांना आहेत. चौथी तर पार निखळायला आलीय. सातवी अगदी अखंड. जुन्या लोकांचं काम, बाबा. आता तसं होत नाही."

"चीर नाही ना?" त्यांनी पुन्हा विचारलं. आणि आज ते दोन घास जास्त जेवले. आई पदराआड खोकत होती. तिलाही ठसका लागला असावा.

मला फार बरं वाटलं. बाबांनी आजवर इतिहासाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. त्यांना गोडी लागते आहे.

२० ऑक्टोबर, गुरुवार

गेले सहा दिवस मी पायरीपाशी माझा सिद्धांत सांगते आहे. विरघळलेला दगड नाही, कोरलेला ठसा. चढलेली करंगळी. उंच राणी. लोक माना पुढे काढून ऐकतात, मापं घेताना टेप धरायला पुढे येतात. अभिप्राय: "सातवी पायरी अविस्मरणीय." "बाई पायरीवर फार रंगतात. बाकीच्या गावांतही पायऱ्या असत्या तर बरं झालं असतं."

मामांना विचारलं, "राणीची कथा तुम्हाला कुणी सांगितली?"

"कुणी नाही. पहिल्याच वर्षी एका बाईने विचारलं, हा कुणाचा पाय. 'माहीत नाही' म्हणालो असतो तर तिला वाईट वाटलं असतं."

"म्हणून राणी?"

"बाई होती ना विचारणारी. पुरुष असता तर राजा सांगितला असता."

त्यांच्या अशा बोलण्याने माझा सिद्धांत ढळत नाही. अडाणी माणसाच्या तोंडूनही कधी कधी लोकस्मृती बोलत असते.

१ नोव्हेंबर, मंगळवार

रात्रंदिवस खपून लेख पुरा केला: 'सातव्या पायरीवरील पदचिन्ह: एक चिकित्सा'. चौदा पानं, आकृत्यांसह. शहरातल्या इतिहासप्रेमी मंडळाकडे पाठवला.

घरात एक विचित्र गोष्ट. बाबा हल्ली घरातही मोजे घालून वावरतात. थंडी तर अजून पडलेली नाही. विचारलं तर म्हणाले, "वयाने पाय गार पडतात." सेहेचाळीस हे काही वय नाही. डॉक्टरांना दाखवायला हवं.

९ नोव्हेंबर, बुधवार

मंडळाचं उत्तर आलं! अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. मी त्यांना सभांमधून लांबून पाहिलंय, टोपीवाले सर. लेख त्यांना "थरारक" वाटला. सव्वीस तारखेला ते बारा सभासदांना घेऊन आमच्याच बसने येणार. मालकीणबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "तेरा तिकिटं. मी पण येते. त्या दिवशी नीट पार पाड, मग तीस तारखेची काळजी नको."

कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा घरचं माणूस फुकट नेता येतं. मी बाबांना म्हटलं, "सव्वीसला तुम्ही चला."

"मी? छे छे. मला काम आहे."

"शनिवारी?"

"शनिवारीच आहे."

"काय काम?"

बाबा आईकडे बघायला लागले. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? तुमचं काम, तुम्ही निस्तरा."

मी आत येऊन बसले आणि विचार केला. चार शिकलेल्या माणसांत त्यांना संकोच वाटत असणार. मला वाईट वाटलं. मग आणखी एक विचार आला, तो जास्त वाईट होता. सरांनी विचारलं असतं, "आपण काय करता?" आणि बाबांनी सांगितलं असतं, तर मला कसं वाटलं असतं? 'बांधकाम क्षेत्र' लिहिणारी मुलगी मीच ना?

ते येत नाहीत म्हणाल्यावर मला क्षणभर, अगदी क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात जड झाला आहे, पण लिहिते.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं संपलं.

संध्याकाळी मी लेखाच्या तेरा प्रती टाचत बसले होते. बाबा आले, दारातच उभे राहिले.

"ते तुझे सर पायरीला हातोडीबितोडी मारून बघतील का गं?"

"कशाला मारतील? राष्ट्राचा ठेवा आहे तो."

"तसं नव्हे. ठोकली तर आवाज वेगळा येईल. दगडाचा येतो तसा यायचा नाही."

मग ते खाली बसले आणि त्यांनी उजव्या पायाचा मोजा काढला. लेखातली आकृती क्रमांक तीन माझ्या मांडीवर होती. मी आकृतीकडे पाहिलं, बाबांच्या पायाकडे पाहिलं. बावीस वर्षं हा पाय मी घरात रोज पाहते आहे. तेल लावून दिलंय त्याला. करंगळी चौथ्या बोटावर चढून मजेत बसली होती.

बाबा सांगत होते. सातवी पायरी पार फुटली होती. ठेकेदाराने सांगितलं, अशी कर की नवी वाटता कामा नये. बाबांनी सिमेंटमध्ये त्याच दगडाची भुकटी कालवली, रंग जुळेना म्हणून वरून चहाचं पाणी मारलं. "तीन वेळा मारलं. साखर न घातलेला." ताज्या कामावर कण पडू नयेत म्हणून बूट बाजूला काढून ठेवले होते. फळीवर उभं राहून शेवटचा हात फिरवत होते, तेवढ्यात समोरच्या दुकानातून दुकानदार फोन हातात धरून ओरडला, "अहो, मुलगी झाली!"

"मी उतरलो," बाबा म्हणाले, "पण भलत्याच बाजूला."

तीन दिवस ते इस्पितळात आईजवळ होते. परत गेले तोवर पायरी दगडासारखी झाली होती. फोडून पुन्हा करतो म्हणाले, तर ठेकेदार म्हणाला, "राहू दे रे. कोण बघतंय?"

आई दाराशी येऊन उभी होती. तिला आता ठसका लागत नव्हता, ती उघड उघड हसत होती. मी म्हटलं, "आई, तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तू इतकी रंगून सांगायचीस, राणी उंच होती म्हणून. मला वाटलं, होऊ दे बापाची एवढी हौस."

मला रडूच आलं. चौदा पानं! सबंध शहरात एकच मुलगी 'पुरावा, पुरावा' करत फिरते आणि तिलाच स्वतःच्या बापाचा पाय ओळखता येत नाही. उद्या सरांसमोर खरं सांगितलं तर नोकरी गेली. नाही सांगितलं तर मामांत आणि माझ्यात फरक काय? मामांनी निदान चौदा पानं लिहिली नव्हती.

बाबा मोजा चढवत म्हणाले, "तू कशाला घाबरतेस? मी बावीस वर्षं बोललो नाही, आणखी बावीस बोलणार नाही. राणीचा तर राणीचा. तुझं पत्र येऊ दे."

ते गेल्यावर लक्षात आलं. घरात मोजे घालून ते माझी नोकरी सांभाळत होते.

२६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बाबांना म्हटलं, "बूट घाला, निघायचंय. मोजे नकोत."

बसमध्ये त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. बाबा मामांना म्हणाले, "नमस्कार, मी हिचा बाप." मामांनी आरशातून माझं तोंड पाहिलं आणि आज एकही टोमणा मारला नाही.

दोन गावं कशी झाली, मला सांगता येणार नाही. विहिरीपाशी मी म्हणे भुयाराबद्दल काहीच बोलले नाही. मामा नंतर म्हणाले, "मी घाबरलोच, पोरीला ताप आहे की काय."

तिसरं गाव. वेस. बारा सभासद पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी उभे, प्रत्येकाच्या हातात माझा लेख. मालकीणबाई खाली, अभिप्राय वही काखेत. टोपीवाले सर सातव्या पायरीपाशी गुडघ्यांवर बसले, बोटाने कडा चाचपल्या आणि डोळे मिटून म्हणाले, "काय काम आहे! आजच्या गवंड्याच्या बापाला जमणार नाही."

बाबा मावशींच्या टपरीजवळ, सगळ्यांच्या मागे उभे होते. त्यांनी मान खाली घातली. पण मी पाहिलं, ते हसू दाबत होते.

मी म्हटलं, "सर, जमलं आहे. तो गवंडी इथेच उभा आहे. ते माझे वडील. माझा लेख चुकला. ही पायरी बावीस वर्षांपूर्वीची आहे आणि पाय राणीचा नाही, यांचा आहे."

मावशींच्या हातातली किटली तशीच राहिली. मालकीणबाईंनी चष्मा काढला.

"बाबा, या ना."

बाबा आले. उजवा बूट काढला, पाऊल झटकलं आणि ठशात ठेवलं. टाचेपासून करंगळीपर्यंत कुठे केसभर फट राहिली नाही. पाय काढताना त्यांनी सवयीने पायरीवरून हात फिरवला आणि पुटपुटले, "चीर नाही."

मग सर हळूहळू उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आनुवंशिकता!" सर म्हणाले.

"सर?"

"अहो, चारशे वर्षांनी तीच करंगळी! पोरी, तुझा लेख चुकला नाही. तो अपुरा आहे! राणीचा वंश संपला असं आपण समजत होतो." सरांनी टोपी काढली आणि बाबांना वाकून नमस्कार केला. "आपलं मूळ घराणं कुठलं?"

"आम्ही गवंडी," बाबा म्हणाले.

"बघा, कुणाला कळू नये म्हणून घराण्याने हत्यारं टाकून थापी उचलली!"

"अहो साहेब, सिमेंट आहे ते. वरून चहाचं पाणी मारलंय."

"आणि विनोदबुद्धी!" सर सभासदांकडे वळून म्हणाले. "अस्सल राजघराण्याची."

मी तीनदा सांगितलं. ठेकेदार, फोन, फळी, सगळं. सभासद कौतुकाने माना डोलवत होते, लहान मूल कविता म्हणत असताना मोठी माणसं डोलवतात तशा. दोघांनी बाबांबरोबर फोटो काढला. एका बाईंनी त्यांना "सरकार" म्हटलं. बाबांनी मागे वळून पाहिलं, सरकार कोण आलं ते बघायला.

मावशींनी बाबांना बाजूला घेतलं. मला वाटलं, पोटावर पाय आला म्हणून भांडतील. जवळ गेले तर बाबा प्लॅस्टरची एक प्रत हातात फिरवत सांगत होते, "मावशी, साचा कुणी केला? करंगळी पार चुकलीय. मी करून देतो नीट."

मामा स्टेअरिंगवर डोकं टेकून हसत होते. "म्हणजे अठरा वर्षं मी तुझ्या बापाच्या पायावर पोट भरलं! आणि तू मला पुरावा मागत होतीस!"

३० नोव्हेंबर, बुधवार

मालकीणबाईंनी बोलावलं. टेबलावर वही, वहीवर लिफाफा.

मी बसायच्या आधीच म्हटलं, "मॅडम, मी यापुढे पायरीवर खरंच सांगणार. बाबांचा पाय आहे असंच सांगणार. त्यावर जे ठरवायचं ते ठरवा."

"कालही तेच सांगितलंस ना? परवा सुट्टी होती, त्याच्या आदल्या दिवशीही?"

"हो."

त्यांनी वही माझ्याकडे वळवली. "गाईडबाई इतक्या विनोदी असतील असं वाटलं नव्हतं." "वडिलांच्या पायाची थाप लाजवाब." "आजवर ऐकलेल्या सगळ्या दंतकथांत ही सर्वांत खरी वाटली."

"मॅडम, पण ही दंतकथा नाही."

"मला माहीत आहे. मी तिथे होते. माझ्या घराचा जिना कुणीतरी बिघडवून ठेवलाय, वडिलांना विचार कधी वेळ आहे." मग लिफाफा पुढे सरकवला. "तू खरंही सांगितलंस आणि लोक बसमध्येही चढले. कसं जमवलंस, ते तुलाही कळलेलं नाही. पण असू दे."

कायमचं पत्र! त्याबरोबर भरायला पुन्हा एक फॉर्म. वडिलांचा व्यवसाय: गवंडी. मोठ्या अक्षरात लिहिलं. रकाना पुरला.

पत्र दुसऱ्या खिळ्यावर लागलं आहे. पाणसळ लावून. आता दोन तिरक्या फ्रेमा दिसतात.

५ डिसेंबर, सोमवार

सुट्टी. तिसऱ्या गावाची चौथी पायरी काल शेवटी निखळली. गावाने बाबांनाच बोलावलं, "सरकार, आपलीच वेस आहे" म्हणून. मी डबा घेऊन गेले. मामाही आले, रिकामी बस धुवायच्या निमित्ताने.

बाबांनी दुपारपर्यंत पायरी पुरी केली. भुकटी कालवली, चहाचं पाणी मारलं, शेवटचा हात फिरवला. तीन पायऱ्या वर त्यांचा पाय. ते मागे सरून बघत राहिले, मग मला म्हणाले, "बूट काढ. ये."

मी ताडकन म्हटलं, "बाबा! ऐतिहासिक वास्तूशी असा खेळ करायचा नसतो. उद्या कुणी अभ्यासक आला तर त्याची दिशाभूल होईल. मी पदवीधर आहे. मला हे शोभणार नाही." आणखीही पुष्कळ बोलले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि मावशींकडे चहा प्यायला गेले. पाठ करून बसले.

या वहीत फक्त खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहिते. पायरी नवी होती. सगळी नवी होती, आजची. नव्या पायरीला ऐतिहासिक म्हणता येत नाही. शिवाय सिमेंट भराभर सुकत होतं आणि विचार करायला वेळ नव्हता.

पाय धुऊन बूट घालत होते, तेवढ्यात मामांनी बसची काच खाली केली. वरच्या ठशाकडे पाहिलं, खालच्या ठशाकडे पाहिलं.

"वरची राणी," ते म्हणाले. "मग खालची ही राजकन्या म्हणू ना, पुरावाबाई?"

मी बुटाची नाडी बांधत म्हटलं, "याला पुरावा नाही."